पाच वर्षांची पदवी आणि पंधरा हजारांचा पगार

औंढा नागनाथ तालुक्यात आज बांधकामाची तीन अगदी वेगळी कामं एकमेकांपासून फार लांब नाहीत. एक गावात आहे: नागनाथाचं हेमाडपंती मंदिर, ज्याचा खालचा कोरीव भाग यादवकाळातला आणि वरचा भाग अहिल्यादेवी होळकरांच्या काळातल्या जीर्णोद्धाराचा. दुसरं दुधाळ्याच्या शिवारात आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असणार आहेत. तिसरं काम गावोगाव विखुरलेलं आहे. घरकुलं, हळदीच्या पैशातून उभी राहणारी स्लॅबची घरं, रस्त्याकडेचे गाळे, शाळाखोल्या, लग्नाची मंगल कार्यालयं. एका तालुक्यात एवढं सगळं बांधलं आणि जपलं जात असताना इथली बी.आर्क. झालेली मुलगी पहिल्या नोकरीसाठी पुण्याची ट्रॅव्हल्स पकडते आणि तिथे पंधरा-अठरा हजारांवर सुरुवात करते. असं का होतं आणि पुढची दहा वर्षं ती कशी वर चढते किंवा चढत नाही, या प्रश्नाचा हा आढावा.

आधी ती नोकरीच्या दारापर्यंत कशी पोचते ते पाहू. बारावीला गणित, मग नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर, मग पाच वर्षं. इंजिनिअरिंगपेक्षा एक वर्ष जास्त, म्हणजे एक वर्षाची कमाई कमी आणि एक वर्षाचा खर्च जास्त. मराठवाड्यात संभाजीनगर, लातूर अशा ठिकाणी महाविद्यालयं झाली आहेत, तरी बरीच मुलं पुण्याकडेच बघतात. फीच्या बाबतीत सरकारने हात दिला आहे, हे मान्य केलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण आर्किटेक्चरचा खरा खर्च फीच्या पावतीत दिसत नाही. शीट्स, मॉडेलचा माउंटबोर्ड, प्रत्येक ज्यूरीआधीचे प्लॉट, स्टडी टूर, थीसिसची छपाई आणि रेंडर ओढू शकेल असा ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप हे सगळं घरून येतं. शेतकरी कुटुंबात हा पैसा हळद विकून किंवा सोनं गहाण ठेवून उभा होतो. म्हणून पहिल्या पगाराचा आकडा ऐकताना घरात जी शांतता पसरते, तिच्यामागे पाच वर्षांचा हिशोब असतो.

पदवीच्या आत किमान एक सत्र प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं असतं. विद्यार्थी एखाद्या आर्किटेक्टच्या कार्यालयात बसतो, साईटवर जातो आणि पहिल्यांदा खऱ्या कामाला हात लावतो. पगाराची पहिली सवय इथेच लागते, आणि ती बहुतेकदा वाईट लागते. कुठे पाच हजार, कुठे फक्त प्रवासखर्च, कुठे काहीच नाही. तुलनेला आकडे सरकारचेच घेऊ. ॲप्रेंटिस कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांत पदवीधर प्रशिक्षणार्थीला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० मिळतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आर्किटेक्चर विद्यार्थ्याला पदवी नाही, म्हणून त्याला बारावीचाच दर लावला, तरी फुकट राबवणारं कार्यालय त्या दराच्याही खाली जातं.

‘शिकायला मिळतंय, ते काय कमी आहे?’ हे वाक्य या व्यवसायात फार जुनं आहे, आणि त्याला मोठमोठी नावं चिकटलेली आहेत. बाळकृष्ण दोशी पुण्यात १९२७ साली जन्मले, मुंबईच्या सर जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात गेले. तिथले पहिले आठ महिने त्यांनी बिनपगारी काढले. २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि दोशींच्या चिकाटीबद्दल आदर वाटावा अशीच ती आहे. पण तिच्यातून बिनपगारी कामाचं समर्थन निघत नाही. आठ महिने पगाराविना परक्या शहरात राहू शकणारा तरुण दर पिढीत एखादाच असतो, आणि जो राहू शकत नाही त्याच्यातही दोशी असू शकतो. जगानेही हे हळूहळू ओळखलं. ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या रिबा या संस्थेने २०११ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त कार्यालयांना विद्यार्थ्यांना किमान वेतन देणं बंधनकारक केलं. २०१९ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीचा पॅव्हेलियन जुन्या इशिगामी या जपानी आर्किटेक्टकडे होता. त्यांच्या कार्यालयात बिनपगारी इंटर्न घेतले जातात हे बाहेर येताच या प्रकल्पावरच्या प्रत्येकाला पैसे द्यावेत, असं गॅलरीने बजावलं. बडं नाव असलं तरी काम करून घेतलं तर पैसे द्यायचे, एवढी साधी रेघ तिथे ओढली गेली. आपल्याकडे ती अजून ओढायची आहे.

आता पदवीनंतर. पुण्या-मुंबईच्या लहान आणि मध्यम कार्यालयांत नव्या पदवीधराला महिना १५ ते २५ हजार हा आकडा सर्रास ऐकू येतो. जिल्ह्याच्या गावी तो आणखी खाली असतो. समजा अठरा हजार मिळाले. पुण्यात कॉट बेसिसवर सहा हजार, मेसचे साडेतीन-चार हजार, बस किंवा पेट्रोलचे दोन हजार, लॅपटॉपचा हप्ता तीन हजार. फोन, औषधपाणी, सणाला गावी जायचं तिकीट धरलं की महिनाअखेरीस हातात जेमतेम हजार-दीड हजार. त्यात अनेक कार्यालयं कामावर येताना लॅपटॉप स्वतःचाच आणायला सांगतात. म्हणजे कामाचं हत्यारही कर्मचाऱ्याचं, आणि त्याची झीज, दुरुस्ती कुणीच धरत नाही. घरी पाठवायला काही उरत नाही, उलट पहिलं वर्ष-दोन वर्षं घरूनच अधूनमधून मागवावं लागतं. त्याच बॅचला बारावी झालेला आणि सिव्हिल इंजिनिअर होऊन साईटवर लागलेला मित्र तोवर एक पगारवाढ घेऊन बसलेला असतो.

याचं कारण विचारलं की दोन उत्तरं मिळतात. कार्यालयाचे मालक म्हणतात, पोरांना येत नाही, थीसिस देखणी असते पण जिन्याचा सेक्शन काढता येत नाही. पोरं म्हणतात, महाविद्यालयं फार झाली, देशात चारशेच्या घरात, म्हणून भाव पडला. दोन्हींत तथ्य आहे. नव्या पदवीधराला वर्किंग ड्रॉइंग शिकवायला कार्यालयाचे सहा महिने खरोखर जातात. नोंदणीकृत आर्किटेक्टांची संख्याही लाखाच्या पुढे गेली आहे. तरी माझ्या मते मूळ कारण पगारपत्रकाच्या एक पायरी वर आहे, ते फीमध्ये आहे. ज्या कार्यालयाला स्वतःला पुरेशी फी मिळत नाही आणि मिळते तीही वेळेवर मिळत नाही, त्या कार्यालयात ताणता येईल अशी एकच गोष्ट उरते: कनिष्ठ माणसाचा वेळ.

हे एका घराच्या हिशोबाने पाहिलं की स्पष्ट होतं. औंढ्यात किंवा हिंगोलीत कुणी हजार चौरस फुटांचं घर बांधतो. दोन हजार रुपये फुटाने बांधकाम धरलं तर वीस लाख. वास्तुकला परिषदेच्या शुल्कपत्रकानुसार स्वतंत्र घराच्या पूर्ण सेवेसाठी साडेसात टक्के, म्हणजे दीड लाख रुपये व्हायला हवेत. त्यात जागेची पाहणी, आराखडा, मंजुरीची ड्रॉइंग, वर्किंग ड्रॉइंग आणि वर्षभर साईटच्या फेऱ्या येतात. प्रत्यक्षात घरमालकाच्या डोक्यात ‘प्लॅनचे पैसे’ असतात, आणि ते फुटाला दहा-पंधरा रुपयांच्या पुढे क्वचितच जातात. पंधरा हजारांत नकाशा होतो, नगरपंचायतीत दाखल होतो, आणि जिना कुठे वळतो, न्हाणीचं पाणी कुठे जातं, पश्चिमेच्या भिंतीचं उन्हाळ्यात काय होतं, हे ठेकेदार आणि गवंडी साईटवर ठरवतात. एलेव्हेशन मोबाईलवरच्या फोटोतून येतं. असं काम घेणाऱ्या आर्किटेक्टच्या कार्यालयाला पंधरा हजारांच्या नोकरदाराचा एक महिन्याचा पगार एका घरातून निघत नाही, कारण त्यातून वीज, भाडं आणि प्लॉटरची शाईसुद्धा जायची असते.

आणि घरमालकाला आर्किटेक्टकडे जाणं कायद्याने भागही पडत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने नेमकं काय राखून ठेवलं, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट निकाल दिला. वास्तुकला परिषद विरुद्ध मुकेश गोयल या नोएडाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरण्यावर बंदी घालतं, आर्किटेक्ट करतात ती कामं करण्यावर नाही. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, जी तरुणांच्या कामाची आहे. सरकारी पदाच्या नावातच आर्किटेक्ट असेल, तर नोंदणी नसलेल्या माणसाला त्या पदावर घेता किंवा बढती देता येत नाही. म्हणजे नावाला संरक्षण आहे, कामाला नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही परवानाधारक अभियंता नकाशा दाखल करू शकतो. लहान भूखंडांसाठी परवानगीची पद्धत आणखी सोपी केली आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. दीडशे चौरस मीटरच्या घरासाठी त्याने महिनोन्‌महिने खेटे का घालावेत? पण छोट्या गावातल्या आर्किटेक्टचं हमखास उत्पन्न जे मंजुरीच्या कामावर उभं होतं, ते त्यामुळे आणखी आटतं. त्यातच १९८९ च्या आचारनियमांनी आर्किटेक्टला जाहिरात करायला मनाई आहे. शेजारचा ठेकेदार ‘प्लॅन, एस्टिमेट, थ्रीडी, बांधकाम’ असा फ्लेक्स चौकात लावतो. गावात नव्याने बसलेल्या मुलीने तोंडओळखीवर कामं मिळवायची, आणि तिला ओळखणारं तर अजून कुणी नसतं.

आपली फी ठरवायची आणि त्याखाली कुणी जायचं नाही, हा उपाय जगभर करून झाला आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेला दरनिश्चितीपासून रोखलं. जर्मनीत फीचे सक्तीचे दर कायद्यात होते, ते जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने फेटाळले. आपलं शुल्कपत्रक अजून आहे, पण औंढ्याच्या किंवा पुण्याच्या बाजारात ते कुणी पाळायला लावत नाही. म्हणून फीचं पत्रक दाखवून पगार वाढतील अशी आशा मी तरी धरत नाही.

दुसरं कारण कार्यालयाच्या आकारात आहे, आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. आपल्याकडे आर्किटेक्टचं कार्यालय म्हणजे बहुधा एक सर किंवा मॅडम, दोन-तीन ज्युनिअर, एक ड्राफ्ट्समन आणि एक ऑफिसबॉय. कामगारांचं संरक्षण करणारे कायदे याच आकाराच्या वर सुरू होतात. भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून. ग्रॅच्युइटी दहापासून. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहापासून होता, आणि त्यातच दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, जादा तासांना दुप्पट मोबदला हे लिहिलेलं होतं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यातली माणसांची मर्यादा वीसपर्यंत न्यायचं ठरवलं. पाच-सहा माणसांच्या कार्यालयात रात्री अकरापर्यंत सबमिशनचे सेट काढणारी मुलगी या सगळ्या कायद्यांच्या बाहेर बसलेली असते. कुणी मुद्दाम तिला बाहेर काढलेलं नाही. पण परिणाम तोच होतो. नेमणूकपत्र नाही, पगारवाढीची तारीख नाही, सोडताना अनुभवाचा दाखला मिळेल की नाही हे सरांच्या मनावर.

इथे मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. आर्किटेक्चरच्या वर्गांत मुली भरपूर असतात. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं केवळ मुलींसाठीचं आर्किटेक्चर महाविद्यालय १९९४ पासून आहे. फीमाफीनंतर मराठवाड्यातून त्या आणखी येतील. पण २६ आठवड्यांच्या भरपगारी प्रसूती रजेचा कायदाही कार्यालयांच्या बाबतीत दहा माणसांच्या खाली लागू होत नाही. पाच-सहा वर्षं काम करून जिथे प्रोजेक्ट हातात येतो, नेमकं त्याच वयात लग्न आणि मूल येतं, आणि लहान कार्यालयात ती जागा कुणी राखत नाही. ती परत येते तेव्हा बहुधा घरून रेंडर करून देणारी म्हणून, तुकड्यातुकड्यांच्या दराने. ज्या व्यवसायाने तिला घडवायला पाच वर्षं घेतली, त्यानेच तिला अशी काठावर सोडावी, याची मला फार चीड येते.

बढतीची शिडी तर या कार्यालयांत जवळपास नाहीच. ज्युनिअर, प्रोजेक्ट आर्किटेक्ट, असोसिएट, पार्टनर हे चढते हुद्दे मुंबईच्या काही मोठ्या फर्ममध्ये असतात. बाकी ठिकाणी दोनच पायऱ्या असतात, सर आणि इतर. पार्टनरची खुर्ची बहुधा सरांच्या मुलासाठी किंवा सुनेसाठी राखलेली असते, ते स्वाभाविक आहे असंच सगळे धरतात. नकाशावर शिक्का सरांचा, मासिकात छापून आलेल्या घरावर नाव सरांचं. सहा वर्षं ज्याने त्या घराचा प्रत्येक दरवाजा काढला, त्याला नवी नोकरी मागताना पोर्टफोलिओत ते काम दाखवायचीही परवानगी मागावी लागते. मग पगार वाढवायचा एकच मार्ग उरतो: दर दोन वर्षांनी कार्यालय बदलणं, आणि पाच-सहा वर्षांनी स्वतःचं काम सुरू करणं. स्वतःचं सुरू केलं की पहिली दोन वर्षं पुन्हा तोच दर, कारण फी टप्प्याटप्प्याने येते आणि स्लॅब पडल्यावरचा टप्पा लोक विसरतात.

याला खाजगी क्षेत्रात फाटे आहेत. पुण्यात परदेशी प्रकल्पांची ड्रॉइंग आणि बीआयएम मॉडेल करून देणाऱ्या कंपन्या आहेत. रेव्हिट हे सॉफ्टवेअर हातात असेल तर त्या नव्या माणसाला पारंपरिक कार्यालयापेक्षा जास्त देतात, पीएफ कापतात, सुट्ट्या लिहून देतात. तिथे गेलेल्यांना ‘डिझाइन सोडलं’ असं हिणवलं जातं, ते चूक आहे. ज्याच्यावर घरचं कर्ज आहे, त्याने नियमित पगार निवडला यात कमीपणा कसला? इंटिरिअरची टर्न-की कामं, बिल्डरचं कार्यालय, आखाती देशांतल्या नोकऱ्या, हे बाकीचे रस्ते. अध्यापनाचाही आहे, पण त्यासाठी एम.आर्क. लागतं, आणि विनाअनुदानित संस्थांत पगार वेळेवर होईलच असं नाही. आणखी दोन वर्षं शिकून पगाराची तीच टांगती तलवार घ्यायची का, हा विचार ज्याचा त्याने करावा.

सरकारी नोकरीचं चित्र मात्र या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातं. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने २०२३ मध्ये २,१०९ पदांची भरती काढली. त्यांत कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) ५३२ आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक १,३७८ होते. कनिष्ठ वास्तुशास्त्रज्ञ पाच. सहायक कनिष्ठ वास्तुशास्त्रज्ञ नऊ. आख्ख्या महाराष्ट्रासाठी चौदा. पगार उत्तम होता, कनिष्ठ वास्तुशास्त्रज्ञाची श्रेणी ४१,८०० पासून सुरू होणारी, म्हणजे पुण्यातल्या ज्युनिअरच्या दुपटीहून जास्त मूळ वेतन आणि वर भत्ते. पण पाच जागांवर कुणी आयुष्य आखू शकत नाही. राज्य जेवढ्या शाळा, ग्रामीण रुग्णालयं, तहसील कचेऱ्या, विश्रामगृहं, न्यायालयं बांधतं, त्यांचा विचार करता हा आकडा अंगावर येतो. आपल्या तालुक्यांतल्या सरकारी इमारती एकसारख्या, उन्हात तापणाऱ्या, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढवणाऱ्या का असतात, याचं एक उत्तर या जाहिरातीत आहे. त्या बांधायला माणसं भरली, त्या आखायला जवळजवळ कुणी भरलं नाही. नगररचना विभागाने २०२४ मध्ये रचना सहायकांची २६१ पदं काढली, ती आर्किटेक्चरवाल्यांनाही खुली होती, पण तिथे तीन वर्षांची पदविका पुरते आणि सिव्हिलची मोठी गर्दी असते. नगररचनाकाराच्या परीक्षा लोकसेवा आयोगाकडून होतात. त्यासाठी पुण्यात अभ्यासिकेत बसलेले आर्किटेक्ट आता दिसू लागले आहेत, आणि त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही.

संघटनेचं काय? भारतीय वास्तुविशारद संस्थेचं मूळ १९१७ मध्ये मुंबईत जे. जे.च्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या विद्यार्थी संघटनेत आहे, आणि गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष होते. देशातली आर्किटेक्टांची ही संस्था मुळात विद्यार्थी संघटना म्हणून सुरू झाली, हे आजच्या विद्यार्थ्यांना फारसं सांगितलं जात नाही. पुढे ती स्वाभाविकपणे व्यवसाय करणाऱ्यांची झाली. नोकरदार आर्किटेक्टांचं म्हणणं मांडणारी वेगळी संघटना आपल्याकडे रुजली नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२२ च्या सुरुवातीला एका मोठ्या फर्ममधला युनियनचा प्रयत्न मागे घ्यावा लागला, पण त्याच वर्षी बर्नहायमर आर्किटेक्चर या छोट्या कार्यालयाच्या मालकाने कर्मचाऱ्यांच्या युनियनला आपण होऊन मान्यता दिली. छोट्या कार्यालयात हे शक्य आहे, एवढं त्यावरून कळतं. आपल्याकडे युनियन होईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण एखाद्या बॅचने आपापसांत पगार उघड सांगायला सुरुवात केली, कोण स्टायपेंड देतं आणि कोण देत नाही याची यादी पुढच्या बॅचला दिली, तरी पहिला फरक पडेल. आणि महाविद्यालयांनी जिथे स्टायपेंड लेखी ठरलेला नाही तिथे विद्यार्थी पाठवायचं बंद करावं. ट्रेनिंगला मान्यता देणं त्यांच्याच हातात असतं, त्यामुळे याला नवा कायदाही लागत नाही.

आता पुन्हा औंढ्याकडे. या गावातलं काम पुण्याच्या कार्यालयांपेक्षा सोपं आहे, असं कुणी समजू नये. नागनाथाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि उतरायची वाट अरुंद. महाशिवरात्रीला आणि रथोत्सवाला हजारो माणसं येतात. आत हवा कशी खेळेल, म्हातारी माणसं आणि अंध भाविक कसे उतरतील, अभिषेकाच्या पाण्याचा ओलावा दगडाला किती लागतो, बाहेरची रांग उन्हात किती वेळ उभी राहते, भक्तनिवासाची उंची शिखराच्या आड येते का, हे रोज जागेवर राहून पाहण्याचे प्रश्न आहेत. शहरातला सल्लागार दोन भेटींत आराखडा देऊन जातो. त्याच्या हाताखाली इथेच राहणारा एक तरुण आर्किटेक्ट पगारी असला, तर त्याला संवर्धनाचं जे शिक्षण मिळेल ते कुठल्याही एम.आर्क.च्या तोडीचं असेल. तीर्थक्षेत्र आराखड्यांच्या निविदांत सल्लागाराने स्थानिक कनिष्ठ आर्किटेक्ट अमुक पगारावर नेमावा, अशी एक अट घालता येते. खर्च कोट्यवधींच्या आराखड्यात दिसणारही नाही.

घरांचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, सपाट प्रदेशात केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार रुपयांच्या मदतीचं. एवढ्या पैशात आर्किटेक्टची फी बसत नाही हे उघड आहे. केंद्राने ‘पहल’ नावाचा प्रदेशानुसार घरांच्या नमुन्यांचा संग्रहही केला होता. पण हळद पिकवणाऱ्या घराला काय लागतं ते कुठल्याही नमुन्यात पुरतं उतरत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हळद निघते, ती शिजवायची, मग पंधरवडाभर उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, भाव येईपर्यंत पोती कोरडी ठेवायची. म्हणजे समोर मोकळं सपाट अंगण हवं, चुलीचा धूर आणि वाफ घरात न येईल अशी शिजवायची जागा हवी, पोत्यांची खोली जमिनीपासून उचललेली आणि वारा खेळणारी हवी, आणि बायकांना दिवसभर सावलीत बसून कामं करता येतील असा पश्चिमेकडून झाकलेला ओटा हवा. शहरातल्या वन-बीएचकेचा नकाशा उचलून बांधलेल्या नव्या घरांत यांतलं काहीच नसतं. मग हळद रस्त्यावर वाळते आणि पोती हॉलमध्ये सोफ्यामागे रचली जातात. पाच वर्षं शिकलेल्या माणसाने दोन दिवस शिवारात फिरून असे तीन-चार नकाशे काढले, तर ते शेकडो घरांना लागू पडतील. एका घराला फी परवडत नाही, पण जिल्हा परिषदेला एक पगार सहज परवडतो.

मागणी म्हणून मी एवढीच ठेवतो. प्रत्येक तालुक्याच्या गावी, पंचायत समिती किंवा नगरपंचायतीत, एक कनिष्ठ आर्किटेक्टचं पद असावं, निश्चित वेतनश्रेणीचं. त्याने घरकुलांचे नकाशे सुधारावेत, नगरपंचायतीत येणारे प्रस्ताव तपासावेत, शाळाखोल्यांना उन्हापासून वाचवावं आणि जुन्या वास्तूंची नोंद ठेवावी. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. २०२३ च्या जाहिरातीतल्या चौदा जागांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. गोयल निकालानंतर असं पद निर्माण झालं तर ते नोंदणीकृत आर्किटेक्टलाच द्यावं लागेल, म्हणजे कायद्याचं उपाधीपुरतं संरक्षणही पहिल्यांदाच तरुणांच्या उपयोगी पडेल. लायगोच्या निमित्ताने औंढ्यात रस्ते, वसाहती, हॉटेलं, शाळा येणार आहेत. त्यांना परवानगी देणाऱ्या टेबलावर आर्किटेक्ट असणं ही गावाचीच गरज आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, म्हणजे त्याच्या बऱ्याच कचेऱ्या अजून नव्या आहेत आणि पदांचे आकृतिबंध बदलता येतात. ते पद येईपर्यंत पुण्याला जाणाऱ्या मुलीने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पगाराचा आकडा आणि वाढीचा महिना, जादा तासांचं काय ते, आणि आपण केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी. जे सर हे लिहून द्यायला नकार देतील, त्यांच्याकडे पहिलं वर्ष घालवू नये. शिकवणारी आणि पैसे देणारीही कार्यालयं आहेत, त्यांची नावं आपल्या सीनियरना विचारून घ्यावीत.